रबर लायनिंग ते फ्लोटेशन चाचणी: आमची वाटचाल

आमचा गाळा नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत. धंद्याची सुरुवात रबर लायनिंगने, म्हणजे झिजणाऱ्या भागांना रबराचं अस्तर लावण्याने झाली: स्लरी पंपांची केसिंग, पाइपांचे बेंड आणि फ्लोटेशन सेलचे इम्पेलर-स्टेटर. फ्लोटेशन म्हणजे दळलेल्या दगडातलं कामाचं खनिज हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून फेसात वर काढणं; ते ज्या टाकीत होतं तो सेल, त्यातला फिरता पंखा इम्पेलर आणि त्याभोवतीचा स्थिर भाग स्टेटर. दगडाची भुकटी मिसळलेलं पाणी रात्रंदिवस घासतं, भाग झिजतात, ऑर्डर येते. पोटापुरतं बरं चाललं होतं.

फोन मात्र एकाच तक्रारीचे यायचे. "नवा इम्पेलर टाकला तरी रिकव्हरी पडलेलीच. तुमच्या मालातच खोट आहे." रिकव्हरी म्हणजे खनिजातल्या धातूपैकी किती हाती आला ते. इम्पेलर झिजला की हवा नीट फुटत नाही, बुडबुडे मोठे होतात, जाड कण तळाशी बसतात, हे खरंच. पण नवा बसवूनही फरक पडत नसेल तर दुखणं दुसरीकडे आहे, आणि ते डोळ्यांनी दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक बिल सोडत नाही. शेवटी आम्ही अडीच लिटरचा चाचणी सेल घरीच बनवला आणि मेटलर्जी शिकलेला एक पोरगा हाताशी घेतला.

चाचणी दिसायला साधी. एक किलो तांब्याचं खनिज पाण्यासह दळायचं, सेलमध्ये ओतायचं, चुन्याने पीएच चढवायचा. मग झँथेटचं, म्हणजे कणाला बुडबुड्याशी चिकटायला लावणाऱ्या रसायनाचं, एक टक्क्याचं द्रावण तीन मिली. म्हणजे टनाला ३० ग्रॅमचा डोस. दोन मिनिटं ढवळून फ्रॉथर (फेस टिकवणारं रसायन) टाकायचा आणि हवेचा कॉक उघडायचा. पहिला फेस काळपट, पितळी झाक असलेला, कॅल्कोपायराइटने (तांब्याच्या खनिजाने) लगडलेला येतो. शेवटचा पांढरा आणि पोकळ.

आता याच खनिजावर पीएच आठच्या आसपास ठेवा: पायराइटही (लोखंड-गंधकाचं नको असलेलं खनिज) फेसात चढतं आणि कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे फेसातून मिळालेल्या मालाचा, ग्रेड (धातूचं प्रमाण) बसतो. साडेदहा-अकरावर न्या, पायराइट बहुतेक खालीच राहतं. दळण जाड राहिलं तर खनिज दगडातून सुटत नाही, सुटलेला जड कणही बुडबुड्यावरून निसटतो. फार बारीक झालं, दहा मायक्रॉनच्या खाली, तर कण पाण्याच्या प्रवाहाबरोबर बुडबुड्याला वळसा घालून निघून जातो. हवा वाढवली तर रिकव्हरी वाढते, पण फेसाबरोबर पाणी आणि पाण्याबरोबर निकामी दगडही येतो. फेसाचा थर जाड ठेवला तर माल स्वच्छ, पण कमी. ऑपरेटर हे सगळं जाणतात. रात्रपाळीला कोण आहे यावर कॉन्सन्ट्रेट बदलतं, हे आम्ही स्वतः पाहिलंय.

पण आम्हाला खरी ओळख मिळवून दिली पाण्याने. एका शिसे-जस्ताच्या प्लांटची तक्रार होती की शिशाच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये जस्त फार जातंय. त्यांचं खनिज आमच्या नळाच्या पाण्यात चालवलं तर शिसं अगदी स्वच्छ. दोन-तीनदा करून पाहिलं, तेच. मग त्यांच्याच प्लांटचं पाणी ड्रममधून मागवलं, आणि जस्त लगेच वर आलं. जस्ताचं खनिज तरंगावं म्हणून पुढच्या टप्प्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात. टेलिंग पाँडमधून, म्हणजे टेलिंग (उरलेला निकामी गाळ) साठवणाऱ्या तळ्यातून, परत येणाऱ्या पाण्यात त्याचे तांब्याचे आयन उरले होते, आणि शिशाच्या टप्प्यातच जस्ताला जागं करत होते. जस्ताच्या टप्प्याचं पाणी वेगळं फिरवा, एवढाच सल्ला दिला. इम्पेलरला कुणी हात लावला नाही. तेव्हापासून नमुन्याबरोबर पाण्याचा ड्रम आला नाही तर आम्ही चाचणी सुरूच करत नाही. काही जण चिडतात, चिडू देत.

पैशाचा हिशेब सांगतो. तांबं एक टक्का असेल तर १०० टन खनिजात ते एक टन. रिकव्हरी एका टक्क्याने घसरली की दर १०० टनांमागे १० किलो तांबं टेलिंगमध्ये गेलं. दिवसाला हजारो टन दळणाऱ्या प्लांटच्या मॅनेजरला हे वेगळं सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते खरेदी विभागाला, जे अजूनही दोन रुपये स्वस्त झँथेटसाठी आठवडाभर घासाघीस करतात आणि पीएच मीटरचा जुना इलेक्ट्रोड बदलायला तयार नसतात.

गाळ्याचं भाडं आजही रबर लायनिंगच भागवतं. चाचणीच्या कामातून पोरांचे पगार निघतात. सध्या हवेचा प्रवाह मोजणारं मीटर बसवलेला नवा सेल जोडणीला घेतलाय; जुन्यात कॉक अंदाजाने फिरवावा लागतो, आणि एकाच नमुन्याचे दोन निकाल जुळेनासे झाले की आमच्या पोरांत भांडणं लागतात.