सॅन डिएगोच्या अंगणातलं किनारी घायपात

सॅन डिएगोत समुद्राजवळ घर असेल आणि अंगणात घायपात लावायचंच असेल, तर नर्सरीत पुढेच मांडलेलं निळसर 'अगावे अमेरिकाना' घेऊ नका. ते दोन-तीन मीटर पसरतं आणि बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांनी कुंपण गाठतं. इथलं मूळचं किनारी घायपात आहे 'अगावे शॉई', ते लावा. पानं गडद हिरवी, कडेचे दात तांबूस, घेर साधारण मीटरभर. सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा या भूशिरापासून खाली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या समुद्रकाठच्या टेकड्यांवर ते वाढतं. अमेरिकेच्या हद्दीत फारच थोडं उरलंय, तेव्हा रानातून उपटून आणायचं नाही. देशी झाडांच्या नर्सरीतूनच घ्या.

सगळी मेख पाण्यात आहे. इथे वर्षाला जेमतेम 250 मिमी पाऊस, तोही हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा, थोडंफार धुकं. म्हणून लागवड नोव्हेंबरात, पहिल्या पावसानंतर. माती चिकण असेल तर खड्डा करून त्यात वाळू भरू नका, त्याचं पाण्याचं टाकं होतं. त्याऐवजी फूटभर उंचवटा करा, रोपाचा गड्डा दोन बोटं वर ठेवा आणि भोवती खडी पसरा. शेणखत-कंपोस्ट नको. पाऊस लांबला तर पहिल्या हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी पाणी, पहिल्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा. नंतर लॉनच्या ठिबकची नळी तिथून काढूनच टाका. उन्हाळ्यात तापलेल्या मातीत ओल राहिली की बुंधा कुजतो. (कोकणातल्या पावसात हे झाड टिकायचं नाही, बिया गावी न्यायचा बेत सोडा.)

दुसरा शत्रू सोंड्या भुंगा, आपल्या माडांना पोखरतो त्याचाच भाऊबंद. मादी बुंध्याशी भोक पाडून अंडी घालते, त्या जखमेतून जंतू शिरून कूज होते आणि अळ्या आतला गाभा खातात. बाहेरची पानं अचानक लोळली, मधला कोंब ओढताच हातात आला आणि घाण वास सुटला, की झाड गेलं. मुळासकट काढून पिशवीत बांधून फेका, कंपोस्टमध्ये टाकू नका आणि त्याच जागी पुन्हा घायपात लावू नका.

वाटेपासून चार-पाच फूट लांब लावा. पानांचा रस अंगाला लागला तर आग होते, हातमोजे हवेतच. फुलोरा यायला वीस-चाळीस वर्षं लागतात. फुललेला गड्डा मरतो, पण भोवतीची पिल्लं राहतात. ती थोड्या मुळासकट करवतीने कापा, सावलीत आठवडाभर जखम सुकवा, मग लावा.