उंच स्टुलावरचा कारकून: बर्लिनमध्ये पाहिलेला ‘कालिगारी’

भिंतीचे अवशेष, ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संग्रहालयांचे बेट हे सगळे मी पाहिले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते इथे सोडते. मला लिहायचे आहे ते ‘डॉक्टर कालिगारी’ या मूकपटाविषयी, आणि त्याला कारण झाली चित्रपटस्थळे दाखवणारी एक पायी सहल. क्युरफ्युर्स्टेनडाम रस्त्यावरच्या ज्या मार्मोरहाउसमध्ये 26 फेब्रुवारी 1920 रोजी या चित्रपटाचा पहिला खेळ झाला, त्याच्यासमोर आमच्या वाटाड्याने ‘पहिला भयपट’ एवढेच म्हटले, भुताचा आवाज काढून दाखवला आणि मंडळी हसत पुढे निघाली. मला ते फार लागले.

ज्या दोघांनी ही कथा लिहिली, त्यांना भुताखेतांची गोष्ट सांगायचीच नव्हती. हान्स यानोविट्झ पहिल्या महायुद्धात अधिकारी होता आणि युद्धाचा कट्टर विरोधक होऊन परतला. कार्ल मायरला लष्करी मनोविकारतज्ज्ञाच्या तपासण्यांचा कडवट अनुभव होता. युद्धानंतरच्या त्या अशांत काळात, जेव्हा जानेवारी 1919 मध्ये याच शहरात रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लीब्क्नेख्ट या डाव्या क्रांतिकारक नेत्यांची हत्या झाली, त्यांची कथा आकाराला येत होती. यानोविट्झने पुढे सांगितल्याप्रमाणे, हुकूम सोडणारा कालिगारी म्हणजे बेलगाम सत्ता, आणि त्याच्या हुकमाने झोपेत चालत जाऊन खून करणारा सेझारे म्हणजे गणवेश चढवून मारायला व मरायला पाठवलेला साधा माणूस. पहिल्या खेळानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच 13 मार्चला बर्लिनमध्ये सरकार उलथवण्यासाठी काप्पचा लष्करी उठाव झाला आणि तो मोडला सार्वत्रिक संपाने. मार्मोरहाउससमोर सांगण्यासारखे एवढे सगळे असताना भुताचा आवाज कशाला हवा होता?

शनिवारी मध्यरात्री मी बाबिलोन चित्रपटगृहात जाऊन बसले. हे चित्रपटगृह रोझा लुक्झेंबुर्गच्याच नावाच्या चौकात आहे आणि ते 1929 साली हान्स प्योलत्सिग या वास्तुकाराने बांधले; ‘गोलेम’ या दुसऱ्या जर्मन मूकपटाची गावरचनाही त्याचीच. प्रवेश मोफत होता, खुर्च्या भरल्या होत्या, आणि ऑर्गनचे सूर प्रत्यक्ष वाजत होते. शेजारच्या वृद्ध बाईंनी आपण होऊन पाय आखडून मला वाट दिली आणि हाताने सुरुवात झाल्याची खूण केली. बर्लिनकर तुसडे असतात असे ऐकून गेले होते; मला तसे वाटले नाही.

एका प्रसंगाने मला जागच्या जागी खिळवून ठेवले. जत्रेत खेळ लावायचा परवाना मागायला कालिगारी नगर कचेरीत येतो. कारकून ज्या स्टुलावर बसला आहे ते इतके उंच आहे, की परवाना मागणाऱ्याने मान वर करूनच बोलावे. कारकून त्याच्यावर खेकसतो, त्याला ताटकळत ठेवतो. कालिगारी टोपी हातात घेऊन लवून उभा असतो. त्याच रात्री कारकुनाचा खून होतो. आणि इथे लवून उभा राहिलेला हाच माणूस पुढे वेड्यांच्या इस्पितळाचा सर्वाधिकारी निघतो! सरकारी कचेरीत ज्याने कधी ताटकळत दिवस काढला आहे, त्याला या स्टुलाची उंची समजावून सांगावी लागत नाही.

शेवटी मात्र कथा उलटते. ही सगळी कहाणी सांगणारा फ्रान्सिस स्वतःच इस्पितळातला वेडा ठरतो आणि तिथला संचालक, म्हणजे त्याच्या कहाणीतला कालिगारी, भला माणूस. कहाणीभोवतीच्या या चौकटीने चित्रपटातली क्रांती काढून घेतली, असा आक्षेप जर्मन चित्रपटसमीक्षक सीगफ्रीड क्राकाउअरने 1947 साली घेतला. मला तो अर्धाच पटतो. इस्पितळाच्या अंगणातल्या फरशीवर मधून फाकत गेलेले ते रंगवलेले पट्टे फ्रान्सिसच्या कहाणीत जसे दिसतात, तसेच चौकटीतल्या तथाकथित खऱ्या जगातही कायम राहतात. वार्म, रायमान आणि र्‍योरिग या तिघा नेपथ्यकारांनी उभारलेले जग जर शेवटीही सरळ होत नसेल, तर संचालकाच्या भलेपणावर मी का विश्वास ठेवावा?

दुसऱ्या दिवशी ट्रामने वायसेन्झेला गेले. चित्रपट याच भागातल्या एका छोट्या स्टुडिओत झाला. कापडावर रंगवलेल्या भिंती, सावल्यासुद्धा रंगवलेल्या. आता तिथल्या एका चौकाला कालिगारीचे नाव आहे आणि चौकातल्या जुन्या पाव कारखान्यात कलाकेंद्र व चित्रपटगृह आहे. बाकी साधी वस्ती.

तिथे मला शांतारामबापूंची आठवण झाली. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी ते 1933 साली जर्मनीला गेले होते, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये बळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कट करणारा राजगुरू आला, चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा घेऊन. आंधळ्या हुकमाने हत्या घडवणारी सत्ता दोन्हीकडे आहे, काळोख आणि उजेडाची भाषाही जवळची आहे. पुण्यात कुणी हे दोन्ही चित्रपट एकाच संध्याकाळी, ओळीने दाखवले, तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.