निसर्ग वादळानंतरचा एक क्लेम: नऊ लाख ऐंशी हजारांचे सव्वादोन लाख कसे झाले

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत छपरं, विजेचे खांब आणि वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर म्हणून जे क्लेम माझ्याकडे आले, त्यातला श्रीवर्धन तालुक्यातल्या एका होम-स्टेचा क्लेम इथे आकड्यांसकट मांडतो. मागितलेले ९,८०,००० आणि मंजूर झालेले २,२५,५४५ यांच्यात एवढी दरी का, हे त्यातून ओळीओळीने दिसतं. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

जागा अशी होती. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलांच्या सहा खोल्या, एकूण २,००० चौरस फूट, बांधकाम २००८ सालचं. शेजारी पत्र्याची ४० बाय २५ फुटांची जेवणाची शेड, तिच्यातच स्वयंपाकघर, ती २०१४ ची. मागे पोफळी आणि माडांची वाडी, भोवती चिऱ्याचं कंपाउंड. पॉलिसी तेव्हाची नेहमीची, स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स. वादळ-पुराचं संरक्षण तिच्यात होतं. विमा रक्कम इमारतीला २० लाख, सामानाला ३ लाख. हे २० लाख कुठून आले? बँकेने कर्ज २० लाखांचं दिलं होतं, तोच आकडा पॉलिसीत उतरला. इमारतीची किंमत कोणी काढलीच नव्हती.

मी पोचेपर्यंत मालकांनी बरंचसं आवरलेलं होतं. आवरायलाच हवं होतं, पाऊस डोक्यावर होता आणि नुकसान वाढू न देणं हे विमाधारकाचं कर्तव्यच आहे. फक्त ताडपत्री टाकण्याआधी फोटो काढायचे आणि तुटलेले नमुने एका कोपऱ्यात ठेवायचे. इथे वीज नव्हती, टॉवर बंद होते, तरी मालकांच्या मुलाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करून तिसऱ्या दिवसापर्यंतचे फोटो काढून ठेवले होते. त्यात खोल्यांचं उघडं छप्पर आतून टिपलेलं होतं, भिजलेल्या गाद्या त्याच जागी दिसत होत्या. असे चार फोटो पन्नास बिलांपेक्षा जास्त कामाला येतात. पाणी उघड्या पडलेल्या छपरातून आलं की जुन्या गळतीतून, हा प्रश्न सामानाच्या प्रत्येक क्लेममध्ये येतो आणि ताडपत्री पडल्यावर त्याचं उत्तर शोधणं अवघड होतं.

मी आधी वाडीतून फिरतो. मालक म्हणाले, “साहेब, वाडीचं काय बघताय, ती विम्यात धरत नाहीत ना?” धरत नाहीत. पण पडलेली झाडं वाऱ्याची दिशा सांगतात. इथे खालच्या थरातल्या पोफळी समुद्राकडे तोंड करून पडल्या होत्या आणि त्यांच्यावर आडवे पडलेले माड डोंगराकडे. म्हणजे वारा आधी डोंगराकडून आला आणि मग फिरून समुद्राकडून. शेडचा डोंगराकडचा दरवाजा चौकटीसकट आत पडलेला होता, आणि पत्रे उडाले होते ते समुद्राकडच्या उतारावरचे. यातून क्रम जुळतो. दार गेलं, वारा आत भरला, छपराला आतून रेटा आणि वरून ओढ असे दोन्ही जोर एकदम बसले, आणि कडेचे पत्रे आधी सुटले. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांवर ही ओढ मधल्या पत्र्यांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून छप्पर जवळजवळ नेहमी तिथूनच उसवतं.

पर्लिनवर, म्हणजे पत्रे ज्यांवर बसवतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर, स्क्रू अजून उभे होते आणि प्रत्येकाच्या डोक्याखाली पत्र्याची एकेक फाटकी चकती अडकलेली होती. उरलेल्या पत्र्यांची भोकं लांबट झाली होती, शर्टाचं काज उसवतं तशी. स्क्रूची पकड सुटलेली नव्हती, पत्राच स्क्रूच्या डोक्यावरून फाटून निघाला होता. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे बरा होता. स्क्रू मात्र सगळीकडे दर तिसऱ्या उंचवट्यावर मारलेले, कडेलाही तसेच. कडेच्या पर्लिनवर ते दर उंचवट्यावर हवे होते. पाचपैकी तीन ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, वाकले होते. त्यांच्या भिंतीवर टेकणाऱ्या बेसप्लेटला चारऐवजी दोनच बोल्ट होते आणि तेही चिऱ्याच्या भिंतीत नुसते सिमेंटने बसवलेले. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी नव्हती, त्यामुळे बोल्ट चिऱ्याचा तुकडा घेऊनच वर आले.

कंपनीच्या क्लेम विभागातून यावर लगेच विचारणा आली: बांधकामच निकृष्ट असेल तर क्लेम कसा देय? माझं उत्तर सरळ होतं. या पॉलिसीत निकृष्ट बांधकाम असा अपवाद नाही. शेड सहा पावसाळे उभी होती, ती पडली चक्रीवादळात. नुकसानीचं निकटचं कारण वादळ, स्क्रूंची संख्या नव्हे. गंजून चाळण झालेल्या पत्र्याचा प्रश्न वेगळा. तिथे झिजेचा मुद्दा येतो, पण तोही घसाऱ्यातून, म्हणजे वापराने घटलेली किंमत वजा करून सोडवायचा, क्लेम नाकारून नव्हे. हा मुद्दा अहवालात फोटोसह नीट लिहिला नाही तर फाइल महिनोन्‌महिने वर-खाली होत राहते.

आता मोजमाप. कंत्राटदाराने शेडच्या पत्र्याचं कोटेशन १,८०० चौरस फुटांचं दिलं होतं. प्रत्यक्षात ४० बाय २५ ला चारी बाजूंनी दोन फूट पागोळीकडचा भाग धरला तर ४४ बाय २९, म्हणजे १,२७६ चौरस फूट. उतार १८ अंशांचा, म्हणून १.०५१ ने गुणायचं: १,३४१. एकावर एक चढणारा भाग दरात धरतात, क्षेत्रफळात पुन्हा धरत नाहीत. कोटेशन फुगतं ते इथेच. बसवणुकीसह ६५ रुपये दराने ८७,१६५ झाले. ट्रस आणि पर्लिनचं लोखंड ६२० किलो, ९५ रुपये दराने ५८,९००. एकूण १,४६,०६५.

खोल्यांवर दोन माड पडले होते. त्या दोन खोल्यांचे वासे आणि रिपा मोडल्या, बाकीच्या चार खोल्यांची आढ्याजवळची कौलं उडाली. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ बसतात, त्यावरून एकूण संख्या काढायची आणि शाबूत रचून ठेवलेली कौलं वजा करायची. फुटलेल्यांचा ढीग मोजत बसू नये, त्यात शेजाऱ्याचीही असतात. १,४०० कौलं बदलायची ठरली, घालणावळीसह ५६,०००. लाकूड २२ घनफूट, ३५,२००. दोन खोल्यांचं सीलिंग २८,०००. प्लास्टर, रंग आणि वायरिंग ४१,०००. एकूण १,६०,२००. वाशांत जुनी वाळवीही दिसली, पण ती न मोडलेल्या वाशांत. ते वासे हिशेबात धरले नाहीत.

पॉलिसीत ‘नव्याने उभारणी’चं, म्हणजे घसारा न कापता नव्याचा खर्च देणारं कलम नव्हतं, त्यामुळे मूल्य बाजारभावाने, घसारा वजा करून. खोल्यांना ६० वर्षं आयुष्य, १० टक्के अवशिष्ट मूल्य (आयुष्य संपल्यावरही उरणारी किंमत), बारा वर्षं झालेली: उरलेल्या ९० टक्क्यांचा पाचवा भाग, १८ टक्के. शेडला २० वर्षं आयुष्य, सहा झालेली: २७ टक्के. घसाऱ्यानंतर खोल्यांचे १,३१,३६४ आणि शेडचे १,०६,६२७, मिळून २,३७,९९१. पत्रे आणि लोखंडाचं हाती आलेलं भंगार ९०० किलो, १८ रुपयांनी १६,२००. काही पत्रे खाडीत गेले, त्यांचं भंगार धरता येत नाही. उरले २,२१,७९१.

यानंतर सगळ्यात मोठी कात्री, कमी विम्याची. सगळी इमारत नव्याने बांधायला खोल्यांचे १,५०० रुपये फुटाने ३० लाख आणि शेडचे ६०० रुपयांनी ६ लाख. घसारा काढून २४,६०,००० अधिक ४,३८,०००, म्हणजे २८,९८,०००. विमा २० लाखांचा. म्हणजे ६९ टक्के मालमत्तेचा विमा, उरलेल्या ३१ टक्क्यांचे विमाधारक स्वतःच विमा कंपनी. नुकसान २० लाखांच्या आत असलं तरी हाच गुणक लागतो, आणि लोकांना पटत नाही ते नेमकं हेच. मालकही म्हणाले, “वीस लाखांचा विमा आहे आणि नुकसान सव्वादोन लाखांचंच ठरलंय, तरी कापणार?” कापावं लागतं, कारण हप्ता २० लाखांवरच भरला होता. २,२१,७९१ चे झाले १,५३,०६५.

सामानाचं मूल्य ३ लाखांच्या आत होतं, त्यामुळे तिथे ही कात्री लागली नाही. मागणी १,२४,००० ची, मान्य ८२,०००. काथ्याच्या गाद्या वाळवून वापरात आल्या होत्या, फोमच्या गेल्या. टीव्ही आणि पंपाची तपासणी करायला वीज नव्हती. जनरेटर आणून इलेक्ट्रिशियनसमोर चालवून पाहिल्यावर दोन टीव्ही चालू निघाले. भिजलं म्हणजे गेलंच असं धरून यादी करू नये, आणि सर्व्हेअरनेही न तपासता कापू नये.

बाकीची बरीचशी मागणी पूर्ण बाद झाली. कंपाउंडची भिंत १,१०,०००: पॉलिसीच्या वर्णनात फक्त ‘इमारत’ होती आणि मूल्यांकनातही भिंत नव्हती. वाडीचे २,२०,०००: झाडं या पॉलिसीत येत नाहीत. त्यासाठी सरकारी मदतीचा मार्ग होता. त्या वेळी राज्य सरकारने फळबागेची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० केली होती, दोन हेक्टरच्या मर्यादेत. तलाठ्याचा पंचनामा त्यासाठी. क्लेममध्ये तो घटनेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, रकमेचा पुरावा म्हणून नाही. डीप फ्रीझरमधली सुरमई-कोळंबी ३६,०००: पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणून आधीच भरून ठेवलेली. वीज जाऊन तापमान बदलल्याने माल नासला, तर मूळ पॉलिसी देत नाही, त्याला वेगळं जोडकलम लागतं. आणि वीज परत आल्यावर जास्त दाबाने जळालेला कॉम्प्रेसर, २०,०००: विजेच्या दाबाने त्याच यंत्राचं झालेलं नुकसान स्पष्ट अपवादात आहे. वीज यायच्या दिवशी सगळी बटणं बंद ठेवून एकेक चालू केली असती, तर तो बहुधा वाचला असता.

सर्वांत वाईट वाटलं ते झाडं तोडून हलवण्याच्या ६०,००० चं. छपरावरचे माड क्रेनशिवाय निघत नव्हते, खर्च खरा होता, पावती होती. पण मलबा हटवण्याला त्या पॉलिसीत क्लेमच्या रकमेच्या १ टक्का एवढीच मर्यादा. १,५३,०६५ आणि ८२,००० मिळून २,३५,०६५, त्याचा एक टक्का २,३५१. कोकणात, जिथे वादळ म्हणजे घरावर झाड हे ठरलेलंच, तिथे ही मर्यादा हास्यास्पद होती. जादा हप्ता भरून ती वाढवता येत होती, पण पॉलिसी विकताना हे कोणी सांगितल्याचं मी क्वचितच ऐकलं आहे.

एकूण २,३७,४१६. त्यातून नैसर्गिक आपत्तीची ५ टक्के, किमान १०,००० रुपयांची, स्वतः सोसायची रक्कम: ११,८७१. राहत्या घराच्या पॉलिसीला ही वजावट नव्हती, व्यवसायाला होती. हातात २,२५,५४५.

१ एप्रिल २०२१ पासून चित्र थोडं बदललं. घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आली, तिच्यात कमी विम्याची कात्री लागत नाही. ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ. या होम-स्टेचा ३१ टक्के होता. नवी पॉलिसी असती तरी कात्री लागलीच असती.

शेवटी एक अडचण राहिली होती, ती पैसे कुणाच्या नावाने जाणार याची. पॉलिसीत बँकेचं नाव असल्यामुळे रक्कम बँकेकडे गेली आणि बँकेने ती कर्जखात्यात जमा करायला घेतली. दुरुस्तीसाठी रक्कम द्यावी असं मालकांचं पत्र, माझ्या अहवालातलं दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि कंत्राटदाराचं कोटेशन जोडल्यावर ती चालू खात्यात वळवली गेली. हे पत्र क्लेम फॉर्मसोबतच द्यायचं असतं. पुढच्या नूतनीकरणात इमारतीची रक्कम नव्या मूल्यांकनावर धरली, उभारणीचं कलम घेतलं, कंपाउंडची भिंत वेगळ्या ओळीत लिहिली आणि मलब्याची मर्यादा एक लाखावर नेली. शेडचे नवे पत्रे कडेला दर उंचवट्यावर स्क्रू मारून बसवले आणि ट्रसखाली काँक्रीटची पट्टी घातली.