रिकामा पासवर्ड टाकला आणि सर्व्हर म्हणाला ‘पाँग’: आमच्या ईआरपीला पॅच लावतानाचा माझा अनुभव

आधीच सांगतो, मी सिक्युरिटीवाला नाही. मी कंपनीचं ईआरपी, म्हणजे सगळा धंदा जिच्यावर चालतो ती सॉफ्टवेअर सिस्टीम, सांभाळतो, म्हणजे ऑर्डरी, स्टॉक, इनव्हॉइस, आणि महिनाअखेरीला अकाउंट्सचं काहीतरी जुळत नाही म्हणून लॉग उघडून बसायचं, असलं काम. आमची सिस्टीम अपाचे ओएफबिझवर आहे, ओपन सोर्स आहे, चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर आमच्याबद्दलच आहे, कारण आम्ही तिच्यात वर्षानुवर्षं आपलं इतकं काही घुसडून ठेवलंय की मूळ कोड कुठे संपतो आणि आमचे उद्योग कुठे सुरू होतात ते आम्हालाच कळत नाही.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात ओएफबिझमधला पहिला बग जाहीर झाला, सीव्हीई-२०२३-४९०७० (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-बगाचा नोंदणी क्रमांक). एक्सएमएल-आरपीसी नावाचा एक जुना भाग होता, त्याला कुणी वाली उरला नव्हता, आणि त्यातून लॉगिन न करता थेट सर्व्हरवर कोड चालवता येत होता. १८.१२.१० या रिलीजमध्ये तो भागच काढून टाकला. आम्ही तो कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे प्रॉक्सीवर (सर्व्हरच्या पुढे उभा राहून येणारी प्रत्येक विनंती आत सोडणारा भाग) तो पत्ता बंद केला, दोन दिवसांनी .१० चढवलं, तिकीट क्लोज, सगळे खूश. मी तर मेलमध्ये ‘आता धोका नाही’ असं लिहून मोकळा झालो होतो, तो मेल नंतर मला बराच नडला.

मग २६ डिसेंबरला १८.१२.११ आलं. सीव्हीई-२०२३-५१४६७, धोक्याचा स्कोर दहापैकी ९.८. सॉनिकवॉल या सिक्युरिटी कंपनीच्या रिसर्चवाल्यांनी पहिला पॅच, म्हणजे बगावरची दुरुस्ती, नीट बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं की एक्सएमएल-आरपीसीची खोली पाडली खरी पण तिथपर्यंत नेणारा जो दरवाजा होता, म्हणजे लॉगिन चुकवून आत शिरायची युक्ती, तो तसाच उघडा आहे. मला हे २७ ला सकाळी कळलं, अर्धी टीम सुट्टीवर, वर्षअखेरचं क्लोजिंग चालू. सरांना फोन केला तर पहिलंच वाक्य, ‘अरे पण आपण तर पॅच केलंय ना?’ आता काय सांगणार.

माझाही विश्वास बसत नव्हता म्हणून टेस्ट सर्व्हरवर करून बघितलं. ओएफबिझमध्ये वेबटूल्सखाली पिंग म्हणून एक पत्ता आहे, लॉगिन असेल तर तो ‘पाँग’ एवढंच उत्तर देतो, नसेल तर लॉगिनचं पान येतं. साधा उघडला, लॉगिनचं पान आलं. मग त्याच पत्त्यामागे युजरनेम रिकामं, पासवर्ड रिकामा, आणि ‘रिक्वायर पासवर्ड चेंज’ हा पॅरामीटर ‘वाय’ असं लिहून एंटर मारलं. पांढऱ्या पानावर चारच अक्षरं, पाँग. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

हे का होतं ते कोड उघडल्यावर समजलं. लॉगिनवर्कर नावाची एक जावाची फाइल आहे, त्यात तपासणारं फंक्शन विचारतं की युजरनेम-पासवर्ड ‘नल’ आहेत का, म्हणजे मुळात पाठवलेच नाहीत का? रिकामी स्ट्रिंग ही नल नसते, त्यामुळे पहिला प्रश्न पार. मग ते लॉगिनच्या फंक्शनला विचारतं. त्याला कळतं की दोन्ही रिकामं आहे, चूक आहे, पण पत्त्यातच ‘पासवर्ड बदलायचाय’ असं लिहिलेलं असलं की ते ‘एरर’ असं उत्तर न देता ‘पासवर्ड बदलणं गरजेचं’ असं उत्तर देतं. आणि तपासणारा फक्त ‘एरर’ या शब्दालाच अडवतो. म्हणजे वॉचमनला सांगून ठेवलंय की साहेब ‘नको’ म्हणाले तर सोडायचं नाही, साहेब म्हणाले ‘नंतर बघू’, झालं, वॉचमनने गेट उघडलं.

बरं हे फक्त पिंगपुरतं असतं तर हसून सोडलं असतं. तिथेच प्रोग्रामएक्स्पोर्ट नावाची एक स्क्रीन आहे, डेव्हलपर लोकांसाठी, तिच्यात ग्रूव्ही भाषेतला कोड टाकला की तो सर्व्हरवर चालतो. पुढचं कुणीही समजून घेईल.

आता आमच्याकडची अडचण अशी की डीलर लोक बाहेरून इंटरनेटवरून ऑर्डर टाकतात आणि ते पोर्टल त्याच सर्व्हरवर. माझ्या मनात आधी आलं की प्रॉक्सीवर एक नियम टाकू, पत्त्यात तो पॅरामीटर दिसला की अडवायचं. टाकला पण, आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की हेच सगळं पत्त्यात न लिहिता पोस्ट रिक्वेस्टच्या (फॉर्म भरून पाठवतो तशी विनंती) पोटात घालून पाठवलं तर आमच्या प्रॉक्सीला ते दिसणारच नाही. नियम ठेवला, भरवसा सोडला. वेबटूल्स, अकाउंटिंग वगैरे सगळं व्हीपीएनच्या मागे नेलं, म्हणजे ते फक्त कंपनीच्या खाजगी नेटवर्कमधूनच उघडेल असं केलं. पण डीलर पोर्टलसुद्धा तीच तपासणी वापरतं, त्यामुळे ते बंद करण्यावाचून इलाज नव्हता. सेल्सच्या मॅडमचा फोन आला, ‘अहो, वर्षअखेरच्या ऑर्डरी आहेत, आजच बंद करायला मुहूर्त बघितलात का?’ सर मात्र ठाम राहिले, म्हणाले रात्रीपर्यंत फोनवर घ्या ऑर्डरी, लिहून ठेवा. या एका गोष्टीसाठी मी त्यांचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केलेत.

मग पॅच. ओएफबिझचं रिलीज सोर्स कोड म्हणून येतं, ते आपल्या ब्रँचमध्ये, म्हणजे आपण बदललेल्या कोडमध्ये, मर्ज करून मिसळायचं, बिल्ड करायचं, रीस्टार्ट. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट, म्हणजे त्यांचा बदल आणि आमचा बदल एकाच जागी आदळणं, नेमका लॉगिनवर्करमध्ये, कारण आधीच्या एका काँट्रॅक्टरने ओटीपीसाठी त्या फाइलमध्ये शेकडो ओळी घातल्या होत्या. माझा सहकारी सकाळपासून त्याच खुर्चीत, तो म्हणाला ओटीपी बंद पडला तर उद्या गोंधळ होईल, आपली फाइल ठेवू. मी म्हटलं ठेव. (हो, मीच म्हटलं, त्याच्यावर ढकलणार नाही.) बिल्ड पास, सर्व्हर वर आला, कोडच्या व्हर्जनांची नोंद ठेवणारं गिट म्हणतंय १८.१२.११, टेस्टिंगवाल्याने दोन ऑर्डरी टाकून बघितल्या, सगळं छान. मी पोर्टल उघडायचा मेल टाइप करत होतो आणि सहज परत तो पिंगचा पत्ता मारला.

पाँग.

म्हणजे दुरुस्ती ज्या फाइलमध्ये होती तीच फाइल आम्ही जुनी ठेवली होती. कागदावर व्हर्जन नवीन, भोक तेवढंच. मग दोघांनी शेजारी बसून फरक ओळीओळीने वाचला. खरी दुरुस्ती अगदी थोडकी आहे, जिथे ‘नल आहे का’ विचारलं होतं तिथे ‘रिकामं आहे का’ विचारायचं. ती आमच्या ओटीपीच्या कोडमध्ये हाताने बसवली, परत बिल्ड, परत रीस्टार्ट, आणि या वेळी पत्त्यात टाकून एकदा, पोस्टमधून एकदा, पिंगवर आणि डीलर पोर्टलच्या आतल्या एका पानावर, असं सगळीकडे मारून बघितलं. लॉगिनचं पान आलं. लॉगिनचं पान बघून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुख्य प्रश्न, आधीच कुणी आत येऊन गेलंय का. डेटाबेस सांभाळणारा डीबीए म्हणाला लॉगिन हिस्टरी बघितली, एकही संशयास्पद नाव नाही. सर लगेच खूश. पण अहो, इथे कुणी लॉगिन केलेलंच नसतं, नाव रिकामं असतं, मग त्या टेबलात येणार काय? बघायचा तो अ‍ॅक्सेस लॉग, सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद. त्यात शोधलं तर २७ च्या पहाटे तीन रिक्वेस्ट सापडल्या, अनोळखी पत्त्यावरून, त्याच पॅरामीटरसह, पिंगवर. तिन्हींना कोड २००, म्हणजे ‘पान दिलं’ असं सर्व्हरचं उत्तर. आता २०० तर लॉगिनचं पान दिलं तरी येतो, त्याच्यावरून काही कळत नाही. मग उत्तराची साइझ बघितली. आमचं लॉगिनचं पान कित्येक हजार बाइटचं आहे, आणि या तीन ओळींसमोर साइझ एक आकडी होती. म्हणजे त्यांना पाँग मिळाला होता. पोटात गोळा येणं काय असतं ते तेव्हा कळलं.

त्यानंतर त्या पत्त्यावरून काहीच नव्हतं, प्रोग्रामएक्स्पोर्ट तर कुठूनच कुणी उघडलेलं दिसलं नाही. बहुतेक कुणीतरी दारं ठोकून बघत फिरत होता आणि आमचं दार उघडं आहे याची नोंद करून पुढे गेला. पण ‘बहुतेक’ वर सर्व्हर चालवता येत नाही. आम्ही आत कुणी येऊन गेलंय असंच धरलं. जुन्या मशीनची कॉपी बाजूला काढून ठेवली, नवीन मशीनवर स्वच्छ बिल्ड चढवला, डेटाबेसचा पासवर्ड बदलला, सिक्युरिटी प्रॉपर्टीजमधली टोकनची की बदलली, फायरवॉलवर बाहेर जाणारी कनेक्शनं तपासली, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), नवीन फाइली, सगळं. युजरची यादी चाळताना फ्लेक्सअ‍ॅडमिन नावाचं खातं चालू सापडलं. मी घाबरलो, मग कळलं की हे ओएफबिझच्या डेमो डेटाबरोबर येतं, आणि आमच्याकडे पहिल्या दिवसापासून तसंच पडून होतं. या बगशी काडीचा संबंध नाही, पण वर्षानुवर्षं ते तिथे होतं हे जास्त लागलं.

रिपोर्टवरून मात्र सरांशी वाजलं. मी लिहिलं होतं, ‘उपलब्ध लॉगमध्ये घुसखोरी पुढे गेल्याचा पुरावा सापडला नाही.’ त्यांना हवं होतं, ‘घुसखोरी झाली नाही.’ मी म्हटलं सर, पोस्टमधून काय आलं ते आपण लॉगच करत नाही, मग नाही झालं असं कशाच्या जोरावर लिहू? ते म्हणाले वरच्यांना एवढं बारीक वाचायला वेळ नसतो. मी म्हटलं म्हणूनच. शेवटी माझंच वाक्य गेलं, त्याखाली तीन रिक्वेस्टचा तक्ता, आणि सोबत माझा तो ‘आता धोका नाही’ वाला जुना मेल, तोही मीच जोडला, कुणीतरी काढण्याआधी.

ऑगस्ट २०२४ मध्ये परत आलं, सीव्हीई-२०२४-३८८५६, तेही लॉगिनशिवायच, १८.१२.१५ मध्ये बंद केलं. आणि सप्टेंबरात १८.१२.१६, तेव्हा रॅपिड७ या सिक्युरिटी कंपनीने लिहिलं की त्या वर्षातल्या आधीच्या तीन बगांचं आणि या चौथ्याचं मूळ एकच आहे, विनंती तपासणारा भाग आणि पान दाखवणारा भाग यांचा मेळ तुटतो. आम्हाला मात्र या दोन्ही वेळी फार धावपळ झाली नाही, कारण वेबटूल्स व्हीपीएनमागेच होतं आणि मर्जनंतर व्हर्जन न बघता आधी बग मारून बघायचा हे आता हाताला लागलंय. लॉगिनवर्करमधला ओटीपीचा कोड वेगळ्या फाइलमध्ये काढायचं तिकीट माझ्या नावावर आहे. जानेवारी २०२४ पासून.