ढोराले ढेप, कुत्र्याले उरलंसुरलं

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात बैलाच्या खुराकावर कुणीही तासभर बोलू शकतो. सरकीची ढेप किती घालायची, कुटारात काय मिसळायचं, पहिल्या पावसाचा कोवळा चारा उपाशी जनावरानं अधाशासारखा खाल्ला की पोट कसं फुगतं, सगळं तोंडपाठ. गाय व्याली की चीक आधी वासराच्या पोटात, खरवसाचा विचार मग. एवढं जाणतं गाव. पण त्याच माणसाला विचारा, कुत्र्याच्या पिल्लाला काय घालू? उत्तर ठरलेलं, "काहीबी घाल, खाते थे."

आमच्याकडे सध्या असं एक पिल्लू आहे. गावठी, तांबूस, दोन महिन्यांच्या आसपासचं. मोठं झालं की शेतावर जागलीला न्यायचंय. रोही आणि रानडुकरं हरभऱ्याचं काय करतात ते वऱ्हाडात वेगळं सांगायला नको. म्हणजे उद्याचा गडीच हा. तरी येता-जाता जो तो आपल्या हातानं त्याला काहीतरी चारून जातो.

दुधाचा मान पहिला. "लेकरूच आहे, दूध पाज त्याले." पण गाईचं दूध वासरासाठी झालेलं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं त्याच्या दुपटीच्या घरात, दुधातली साखर मात्र कमी. त्यात आईचं दूध सुटलं की ही साखर पचवायची पिल्लाची ताकद हळूहळू ओसरत जाते. वाटीभर दूध पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत अंगणभर हगवण. मग कुणीतरी म्हणतं नजर लागली. मिरच्या ओवाळल्या जातात, आणि पिल्लू अशक्त दिसतंय म्हणून पुन्हा दूध!

पहिली भाकर गाईची, शेवटची कुत्र्याची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. मला तो वाईट वाटत नाही. माणसाच्या उरल्यासुरल्यावर हजारो वर्षं काढली म्हणून तर कुत्र्याला लांडग्यापेक्षा पिठूळ अन्न चांगलं पचतं. भाकरीशी त्याचं वैर नाही. अडचण भाकरीसोबत येणाऱ्या रस्स्याची. कांदा-लसणाशिवाय आपला रस्सा होतच नाही, आणि कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. कोंबडीचं शिजलेलं हाड चावलं की टोकदार फुटतं, घशात नाहीतर आतड्यात रुततं. शिवाय आता उरलंसुरलंही पूर्वीचं राहिलं नाही. त्यात बिस्किटं आली, पुड्यातलं खारट कुरकुरीत आलं, वाढदिवसाच्या केकचा चॉकलेटी थर आला. चॉकलेट तर कुत्र्याला विषच. पोट्ट्यांना हे समजावून सांगितलं तर त्यांचा प्रश्न, "मंग त्याचा बर्थडे कसा करायचा?"

ढोराच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी पोट चाचपलं. फासळ्या दिसत होत्या आणि पोट मात्र टम्म. गावाच्या हिशेबात ते खाऊनपिऊन सुखी पिल्लू. डॉक्टरांच्या हिशेबात जंतांचं घर. हे जंत बहुतेकदा आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे या वयात दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध लागतं. आत जंत खात असतील तर वरून काहीही घाला, अंगी लागत नाही. लसीची तारीखही त्यांनी तिथंच लिहून दिली.

आता चुलीवर त्याचं वेगळं पातेलं चढतं. ज्वारीच्या कण्या नाहीतर भात मऊ शिजवायचा, उकडलेलं अंडं कुस्करायचं, कधी हाडं काढलेली कोंबडी, कधी चमचाभर दही. फोडणी नाही, तिखट नाही. वाढत्या हाडांना लागणारं कॅल्शियम घरच्या खाण्यात कमी पडतं. ते किती द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं, कारण जास्त झालं तरी हाडं बिघडतात. पिल्लाचं पोट लहान, म्हणून सध्या दिवसातून चार वेळा, पुढे तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. आईनं हे वेळापत्रक ऐकलं आणि म्हणाली, "इतक्या डाव तं जावयालेबी वाढलं नाई म्या." पण दुपारचं पातेलं तीच चढवते. मी शेतात असतो.

राहता राहिले शेजारचे आबाजी. त्यांचं बिस्किट काही सुटेना. लाल पेशी, हगवण, डॉक्टर, कशाचाच उपयोग होईना. "खाऊ द्या न जी, मुकं जनावर आहे." शेवटी विचारलं, "आबाजी, बैलाचा खुराक एका दिवसात बदलला तं काय होते?"

"पोट बिघडते न बापा. जुन्यात नवं थोडंथोडं मिसळा लागते."

"मंग याचंही पोटच आहे."

बराच वेळ ते पिल्लाकडे बघत राहिले. बिस्किट खिशात परत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः अंडं घेऊन आले. उकडलेलं, सोललेलं आणि वरून छान तिखट-मीठ भुरभुरलेलं.