दारावरची वायरची बेल बदलताना: माझा अनुभव

बेल वाजेनाशी झाली की बहुतेक जण सरळ दुकानात जाऊन नवी बेल आणतात. माझं म्हणणं, आधी बाहेरचं बटण उघडावं. बेल घरात सावलीला असते. बटण मात्र ऊन, धूळ, पाऊस आणि मुंग्या सगळं सोसतं. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दार पश्चिमेला असलं तर बटणाचं प्लास्टिक ठिसूळ होतं, स्प्रिंग अर्धवट परत येते, आतले पॉइंट काळे पडतात. बटण दाबलेलंच अडकलं तर बेलची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) सतत चालू राहते, तापते आणि शेवटी जळते. अशा वेळी नुसती बेल बदलली तर नवी बेलही त्याच वाटेने जाते. म्हणून आमच्याकडे बेल आणि बटण दोन्ही एकदमच बदलायचं ठरवलं.

त्याआधी तपासणी. बेल ज्या एमसीबीवर (बोर्डातल्या सप्लाय तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचवर) आहे तो खाली करायचा, बटण काढायचं आणि दोन्ही वायरी टेस्टरने पाहायच्या. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करावी, मग इथे. बटणामागे दोनच वायरी असतील तर त्या कनेक्टरमध्ये जोडून, हात बाजूला घेऊन, एमसीबी क्षणभर वर करायचा. बेल वाजली तर दोष बटणात. दोनपेक्षा जास्त वायरी दिसल्या तर हा प्रयोग करू नका. दाराबाहेरच्या दिव्याची फेज-न्यूट्रल (फेज म्हणजे करंटची वायर, न्यूट्रल म्हणजे परतीची) तिथूनच गेलेली असू शकते, आणि चुकीची जोडी जुळली की सरळ शॉर्ट. मल्टिमीटर असेल तर सप्लाय बंद ठेवून, वायरी सोडवून कॉइलची दोन टोकं मोजा. ओहममध्ये काहीतरी आकडा यायला हवा, मॉडेलप्रमाणे तो बदलतो. आकडाच आला नाही तर कॉइल तुटलेली आहे.

खरा घोळ जोडणीत निघाला. फेज थेट बेलला आणि न्यूट्रल बटणातून फिरवलेली. असं मुद्दाम करणारे वायरमन आहेत. बाहेर फेज नको, पावसात कुणाला शॉक बसायला नको, असा त्यांचा हिशोब. पण बटण दाबलेलं नसताना फेज कॉइलमधून पुढे सरकून बटणाच्या एका टोकावर येऊन थांबलेलीच असते. तिथे टेस्टर लावला की पेटतो. म्हणजे बाहेरचा धोका गेला नाहीच, वर आतली बेल चोवीस तास फेजवर. बटण बंद आहे म्हणून बेलचं झाकण काढून कुणी ब्रशने धूळ झटकायला गेलं तर?

योग्य जोडणी अशी: फेज बोर्डातून बटणाला, बटणातून बेलला, आणि न्यूट्रल थेट बेलला. बेलची जोडी स्वतंत्र असेल तर बोर्डातच दोन टोकांची अदलाबदल केली की झालं, भिंत फोडायची गरज नाही. त्याच जोडीवर बाहेरचा दिवा असेल तर मात्र हा शॉर्टकट नको. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर निघते. ती दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि तांब्याशी पीळ देऊन जोडली की सांधा पुढे ढिला पडून तापतो. जमेल तिथे १ चौरस मिमीची तांब्याची वायर नवी ओढलेली बरी.

बेल घेताना खोक्यावर २२०-२४० व्होल्ट लिहिलेलं पाहा. आपल्याकडे साध्या बेलला ट्रान्सफॉर्मर नसतो, ती थेट घरच्या सप्लायवर चालते. ऑनलाइन मिळणाऱ्या काही कॅमेऱ्याच्या बेल १६-२४ व्होल्टच्या असतात. त्या थेट जोडल्या तर गेल्याच. बटण ६ अँपिअरचं बेल-पुश, म्हणजे बोट काढलं की आपोआप बंद होणारं, घ्यायचं. साधा स्विच कुणी चालूच ठेवून गेला तर पुन्हा कॉइलची तीच गत.

सोलापूरच्या पेठांतल्या जुन्या दगडी भिंतीत गिट्टी (स्क्रू पकडणारी खुंटी) दगडांच्या सांध्यात बसवली तर स्क्रूबरोबर तीही गोल फिरते. ड्रिल दगडातच मारावं किंवा आधी लाकडी पट्टी पक्की करून बेल तिच्यावर लावावी. खोक्यावरचा बाण दाखवतो त्याच दिशेला आणि सरळ बसवा. तिरकी बसली की प्लंजर (कॉइलमध्ये सरकून पट्ट्यांवर आपटणारा दांडा) एका बाजूला टेकतो आणि नुसतं ‘डिंग’ होतं, सोडल्यावर ‘डाँग’ येतच नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांशेजारच्या घरांत सुताची बारीक लव प्लंजरभोवती बसूनही असंच होतं. तिथे तेल सोडायचा मोह टाळा. तेलावर लव आणखी चिकटते. कोरड्या फडक्याने पुसलं की पुरतं.

बटणाच्या पेटीला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावा, खालची कड मोकळी ठेवा. आत शिरलेलं पाणी निघायला वाट हवी. वायर पेटीत खालूनच घ्या. पहिल्या पावसात घरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) पडू लागला तर बेलच्या बटणाची ओल आधी बघावी.

राहिला बटणातला लाल निऑन दिवा. तो बेलमधूनच अगदी थोडा करंट ओढून जळतो. कॉइलच्या बेलला त्याचं काही वाटत नाही, पण काही इलेक्ट्रॉनिक म्युझिकल बेल तेवढ्यानेच मधूनच कुरकुरतात किंवा रात्री आपोआप वाजतात. अशी बेल लावायची असेल तर बिनदिव्याचं बटण घ्यावं. दिव्याचं घेऊन झालं असेल तर सप्लाय बंद करून निऑनचं एक टोक सोडवून त्यावर टेप गुंडाळावी.