आमच्या बोळाला नाव मिळालं

आज आमच्या बोळाला नाव मिळालं. आजवर पत्ता सांगताना "गावभागात, गिरणीच्या मागचा बोळ" एवढंच म्हणायचो. आता कोपऱ्यावर निळी पाटी आहे आणि तिच्यावर अग्निशमन दलातल्या आमच्या शेजारच्या काकांचं नाव.

2019 चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. आम्ही वरच्या मजल्यावर, जिना पाण्यात. काका रबरी बोट घेऊन आले, पण बोळ एवढा चिंचोळा की ती वळेना. शेवटी आमच्या गॅलरीच्या गजाला दोर बांधून हातानं ओढत आत आणली. आजी हटून बसलेली, देव आणि स्टोव्ह घेतल्याशिवाय यायची नाही. काका खालून ओरडले, "आजी, देव घ्या, स्टोव्ह ऱ्हाऊ द्या!" त्यांचं स्वतःचं घरही तेव्हा पाण्यातच होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

भाषणं पाऊण तास चालली, त्याबद्दल न बोललेलंच बरं. पडदा काकूंनी सरकवला. पाटीवर एक वेलांटी चुकलीय. पोरं कुजबुजायला लागली तशा काकू हसल्या, "असू दे. त्यांना तरी कुठं जमायची?"

संध्याकाळी सिलिंडरवाल्याचा फोन. सवयीनं "गिरणीच्या मागं" म्हणालो, मग थांबून नवं नाव सांगितलं.

"व्हय व्हय, बोटवाले काका," तो म्हणाला. "आमच्याकडं पण आलते."